कंपवात : दिसलेला हात आणि न दिसलेले मन

आमचे तात्या शहापुरातल्या एका मराठी शाळेत मास्तर होते. त्यांची ख्याती दोन गोष्टींची. छडी न उगारता वर्ग गप्प ठेवणे ही एक, आणि दुसरी म्हणजे अक्षर. माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी त्यांच्या हातचा कित्ता गिरवला आहे. १९८४ साली ते सेवानिवृत्त झाले आणि दोनेक वर्षांत ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी ज्वारीएवढे, तर शेवटी खसखशीएवढे. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहू लागली, जणू चिमटीत तपकीर धरली आहे. पेन्शनच्या कागदावरची सही जुन्या सहीशी जुळेना, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाला, "अंगठा उठवा." तात्यांनी काही न बोलता अंगठा उठवला. घरी आल्यावर खिशातले पेन काढून त्यांनी कपाटात ठेवले. ते पुन्हा खिशाला लागलेले मी पाहिले नाही.

डॉक्टरांकडे नेले तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण बाहेर पन्नास माणसे ताटकळत होती. त्यांनी तात्यांचा हात कोपरात वाकवून पाहिला, चार पावले चालवून पाहिले आणि माझ्या चुलतभावाशी इंग्रजीत दोन मिनिटे बोलले. तात्यांना मराठी येत होते, कानडी येत होते, इंग्रजीही कामापुरते कळत होते. पण बोलणे त्यांच्याशी नव्हतेच. परतताना बसमध्ये त्यांनी विचारले, "काय म्हणाले?" भाऊ म्हणाला, "काही नाही, नसांचा अशक्तपणा आहे." पुढची चार वर्षे तात्या नसांच्या अशक्तपणावर भिजवलेले बदाम खात होते आणि गुण येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होते.

त्या आजाराचे नाव पार्किन्सनचा आजार, आपल्याकडचा कंपवात. त्याचा इतिहास मी फार उशिरा वाचायला घेतला. वाचताना मनात एकच प्रश्न होता. हात कापतो हे रस्त्यावरच्या पोरालाही दिसते. मग तो हात ज्याचा आहे तो माणूस आतून खचत चालला आहे हे दिसायला वैद्यकाला एवढा काळ का लागावा?

कंप आपल्याकडे नवा नव्हता. माधवनिदानात सर्वांगाच्या व डोक्याच्या कंपाला 'वेपथु' असे नाव देऊन त्याची गणना वातविकारांत केली आहे. पण आज आपण ज्याला एक स्वतंत्र आजार म्हणून ओळखतो त्याचे चित्र प्रथम रेखाटले ते लंडनच्या कडेला असलेल्या हॉक्स्टन येथील एका वैद्याने, जेम्स पार्किन्सन यांनी. हे गृहस्थ मोठे विलक्षण. जन्म ११ एप्रिल १७५५ चा. वडील वैद्य, म्हणून हेही वैद्य. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने सरकारवर झोंबणारी पत्रके लिहीत. राजाला मारण्याच्या एका कथित कटाच्या चौकशीत १७९४ साली त्यांना प्रिव्ही कौन्सिलसमोर साक्षीला उभे राहावे लागले होते. पुढे राजकारणाचा नाद सोडून ते जीवाश्मांच्या मागे लागले, तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि १८०७ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रविषयक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाले. वेड्यांच्या खाजगी आश्रमांतील कारभारावरही १८११ साली त्यांनी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे मनाच्या आजाराशी त्यांचा परिचय नव्हता असे मुळीच नाही. त्यांचे एकही चित्र उपलब्ध नाही. पुस्तकांतून व भिंतीवरच्या तक्त्यांतून त्यांचे म्हणून जे दाढीवाले छायाचित्र छापतात ते दुसऱ्याच कुणाचे आहे. ते १८२४ साली वारले, तेव्हा माणसांची छायाचित्रे काढण्याची कला जन्मालाही आली नव्हती.

१८१७ साली त्यांनी या कंपावर सहासष्ट पानांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यांतले तिघे तर त्यांना रस्त्यातच दिसले, आणि त्या तिघांपैकी एकाला त्यांनी फक्त दुरून पाहिले. या पाचव्या, दुरून पाहिलेल्या रुग्णाचे वर्णन मला फार महत्त्वाचे वाटते. त्या गृहस्थाला चालणे सुरू करता येत नसे. त्याचा सेवक समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. गृहस्थ मागेपुढे हलके झुलून तोल साधत आणि इशारा देत. मग ते धावत सुटत, आणि सेवक झटकन बाजूला होऊन पुढे पळे, वीसेक पावलांवर ते पडणार तेव्हा त्यांना झेलण्यासाठी. कंपवाताच्या वाङ्मयातला हा पहिला सांभाळणारा माणूस. पार्किन्सन यांनी त्याला पाहिले, त्याची हालचाल टिपली, पण त्याच्याविषयी आणखी एक शब्दही लिहिला नाही. दुरून पाहिल्यावर लिहिणार तरी काय म्हणा.

निबंधाच्या आरंभीच त्यांनी आजाराची व्याख्या केली : अवयव स्वस्थ असताना होणारा कंप, कमी झालेली शक्ती, पुढे वाकलेले धड, चालता चालता धावू लागण्याची ओढ. आणि शेवटी एक पुरवणी जोडली, की इंद्रिये व बुद्धी यांना मात्र इजा होत नाही. ही पुरवणीच पुढे सगळ्यांना पाठ झाली. गंमत अशी की त्याच निबंधात आत मोडलेली झोप आहे, बद्धकोष्ठ आहे, गळणारी लाळ आहे, शेवटच्या काळातले थोडे बरळणेही आहे. पार्किन्सन यांच्या नजरेतून फारसे काही सुटले नव्हते. पण लोक व्याख्या वाचतात, निबंध वाचत नाहीत. बुद्धी शाबूत म्हणजे मनही शाबूत, अशी समजूत रूढ झाली आणि दीडशे वर्षांच्या आसपास टिकली.

मध्ये एका माणसाला शंका आली होती. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६२ पासून काम करणारे झां-मार्तां शार्को. हजारो निराधार, वृद्ध व आजारी स्त्रियांचे ते रुग्णालय म्हणजे एक गावच होते. शार्को यांनी दाखवले की या रुग्णांत खरा लकवा नसतो, शक्ती असते पण हालचाल मंद असते, आणि काहींना तर कंपही नसतो. म्हणून 'थरथरता लकवा' हे जुने नाव चुकीचे ठरवून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. पुढे पुढे बुद्धी धूसर होते, स्मरण जाते, हेही त्यांनी नोंदवले होते.

शार्को यांची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या कानावर आले की लांबचा आगगाडीचा किंवा घोडागाडीचा प्रवास केल्यावर या रुग्णांना बरे वाटते. आपल्याकडे खडखडत्या एस्.टी.तून उतरल्यावर कुणाला बरे वाटल्याचे ऐकिवात नाही. पण शार्कोंनी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी विजेवर थरथरणारी एक खुर्ची करवून घेतली आणि रुग्णांना तीत बसवले. रोग्यांना आराम पडला, झोप लागू लागली, असे त्यांनी १८९२ साली सांगितले. पुढच्याच वर्षी ते वारले आणि खुर्ची अडगळीत गेली. तिची फेरतपासणी झाली ती २०१२ साली, अमेरिकेत. काही रुग्णांना थरथरणाऱ्या खुर्चीत बसवले आणि काहींना तशाच, पण न थरथरणाऱ्या खुर्चीत. दोन्ही गटांना सारखाच गुण आला! खुर्चीत काही नव्हते असे यावरून कुणी म्हणेल. मला वाटते, रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी आपल्याला नेते, आरामात बसवते, कसे वाटले म्हणून विचारते, एवढे त्या खुर्चीत होते, आणि ते शार्कोंच्या साल्पेत्रिएरमध्येही होते. इंग्लंडमध्ये विल्यम गॉवर्स यांनी १८८८ च्या आपल्या ग्रंथात अशा रुग्णाचे आयुष्य शांत, नियमित, शक्य तितके काळजीविरहित असावे असा सल्ला दिला होता. औषध हाताशी नसलेल्या त्या काळात डॉक्टरांना निदान एवढे तरी सुचत होते.

औषध कसे आले ती कथा आपल्या मातीतल्या दोन वनस्पतींशी जुळलेली आहे. पहिली सर्पगंधा. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेड व रक्तदाब यांवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधल्या नियतकालिकात रक्तदाबावरील आपला अनुभव मांडला आणि सर्पगंधा जगाच्या नकाशावर आली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांची हालचाल मंदावे, हात कापे, आणि काही जण गाढ उदासीनतेत जात. (या उदासीनतेचा दोष कितपत औषधाचा, यावर पुढे बराच वाद झाला.) स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेझर्पिन दिले. ससे निपचित पडले, कान लोंबले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते उठून बसले. मेंदूत या एल-डोपापासून डोपामीन बनते, ते संपले की देह गोठतो, हे त्यातून उलगडत गेले. कार्लसन यांना त्यासाठी २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्नात १९६० साली मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनचा तुटवडा सापडला आणि पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना एल-डोपाची पहिली इंजेक्शने दिली गेली. १९६७ साली न्यूयॉर्कजवळ जॉर्ज कोत्सियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत मोठी मात्रा देण्याची रीत बसवली, आणि खाटेला खिळलेली माणसे चालू लागली.

दुसरी वनस्पती आपली खाजकुयली. कानडीत तिला नसुगुन्नी म्हणतात, आणि शाळेत असताना दुसऱ्याच्या सदऱ्यात तिच्या शेंगेची कुसे टाकली नाहीत असा मुलगा आमच्या वेळी विरळा. या खाजकुयलीच्या बियांतून एल-डोपा वेगळे काढल्याचे मद्रासकडील दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी १९३७ साली प्रसिद्ध केले होते, म्हणजे सशांच्या त्या प्रयोगाआधी वीस वर्षे. तेव्हा त्याचे काय करायचे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. १९७८ साली मुंबईच्या वैद्य व सहकाऱ्यांनी त्या बियांचे चूर्ण रुग्णांना देऊन पाहिले, आणि २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर रीतसर तुलना झाली; चूर्णाचा गुण खरा निघाला. मात्र हे वाचून कुणी परड्यातल्या शेंगा वाटायला घेऊ नयेत. मात्रा चुकली तर भ्रम होतो, उलट्या होतात, आणि चालू औषधाशी गाठ पडली तर आणखीच पंचाईत.

एल-डोपाच्या यशाने एक विपरीत गोष्ट झाली. हात थांबला, पाऊल उचलले, म्हणजे रोगी बरा, असे मोजमाप पक्के बसले. डॉक्टर बोटांची उघडझाप मोजत, चालण्याला गुण देत. या यशातली दुखरी बाजू ज्यांनी मन लावून लिहिली ते न्यूयॉर्कचे ऑलिव्हर सॅक्स. १९१६ ते १९२७ या काळात जगभर निद्रारोगाची एक साथ आली होती. तिच्यातून वाचलेली काही माणसे पुढे कित्येक दशके दगडासारखी बसून होती. १९६९ साली सॅक्स यांनी त्यांना एल-डोपा दिले. माणसे जागी झाली, बोलली, गायली. पण आपले तारुण्य निघून गेले आहे हेही त्यांना जागेपणीच कळले. नंतर औषध उलटू लागले, काही पुन्हा गोठली. सॅक्स यांचे 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक १९७३ साली आले, त्यावरचा चित्रपट १९९० साली. त्यांनी प्रत्येकाला विचारले होते : तुला आतून कसे वाटते? तेव्हाच्या वैद्यकीय जगाने पुस्तकाकडे बराच काळ काणाडोळा केला.

त्याच १९६९ साली लंडनमध्ये माली जेन्किन्स नावाच्या बाईंनी पार्किन्सन रुग्णांसाठी एक संस्था काढली. त्या डॉक्टर नव्हत्या. त्यांच्या बहिणीला हा आजार होता आणि माहिती विचारायला जागा नव्हती, एवढेच कारण. १९८९ साली ब्रिटनमध्ये केवळ याच रुग्णांसाठी एक परिचारिका नेमली गेली, घरी जाऊन बोलणारी, औषधाच्या वेळा बसवून देणारी. आपल्याकडे पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्ण म्हणजे शुभार्थी, आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर, अशा दोघांनाही एकत्र बसवले. सहल, गाणी, व्यायाम, नाच, आणि मुख्य म्हणजे गप्पा. आमच्या भागातून माणसे उपचारासाठी मिरजेला, पुण्याला किंवा बंगलोरच्या निम्हान्सला जातात. १९७४ साली जुने मनोरुग्णालय आणि मनोविकारांची प्रशिक्षणसंस्था एकत्र करून घडवलेल्या त्या निम्हान्समध्ये मेंदूचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच आवारात बसतात, ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९९५ साली ऑक्सफर्डमध्ये एकोणचाळीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात चालणे आणि अंगावर कपडे चढवणे हे आहेच. पण त्याबरोबर मनःस्थिती, लाज, घरच्यांचा आधार, विचारशक्ती, बोलणे, अंगदुखी यांनाही वेगवेगळी जागा आहे. हे प्रश्न खुद्द रुग्णांशी बोलून काढलेले होते. मग २००२ साली सहा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. रुग्णाच्या जगण्याची प्रत कशावर ठरते? आजाराची तीव्रता आणि औषधे मिळून त्यातला अवघा १७.३ टक्के फरक समजत होता. पुढचा ५९.७ टक्के फरक तीन गोष्टींनी समजला : उदासीनता, पुढच्या काळाविषयीची आशा, आणि निदानाच्या वेळी आजार ज्या रीतीने समजावून सांगितला गेला त्याबद्दलचे समाधान.

ही तिसरी गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटले. बसमधला भाऊ आठवला.

उदासीनतेविषयी आता शंका उरलेली नाही. साधारण तीन रुग्णांमागे एकाला ती उपचार करण्याइतकी असते, आणि ती केवळ दुःखाची प्रतिक्रिया नसते. जी रसायने हालचालीला लागतात त्यांचा मनाशीही संबंध आहे. ती ओळखणे अवघड जाते त्याला या आजाराचाच एक डाव कारण आहे. चेहऱ्याचे स्नायू मंदावले की चेहरा मुखवट्यासारखा होतो, हसू आत उमटते पण वर येत नाही. आवाज बारीक, एकसुरी होतो. त्यामुळे उदास नसलेला माणूस उदास दिसतो आणि खरोखर उदास असलेला, "ते तसेच दिसतात हो" म्हणून सुटतो. तात्यांना आम्ही घुमे म्हणू लागलो होतो. नातवाने पहिला नंबर मिळवला तेव्हा त्यांनी चेहऱ्यावरची रेषा हलवली नाही म्हणून घरात कुरबूर झाली होती. काही रुग्णांना आजारामुळे वा औषधामुळे नसलेली माणसे दिसतात, बहुधा लहान मुले किंवा जनावरे. आपल्याकडे त्याला बाहेरची बाधा म्हणतात आणि अंगारा आणतात. डॉक्टरांच्या कानावर घातले तर बहुतेक वेळा मात्रा बदलून भागते.

झोपेची गोष्ट तर मला सगळ्यांत चटका लावून गेली. १९८६ साली अमेरिकेतील मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी एक विकार नोंदवला : स्वप्न चालू असताना माणूस झोपेतच हातपाय झाडतो, ओरडतो, शेजारच्याला मारतो. दहा वर्षांनी त्यांनीच सांगितले की असा विकार असलेल्या एकोणतीस प्रौढ पुरुषांपैकी ३८ टक्क्यांना पुढे कंपवातासारखा आजार झाला. हात कापू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी मेंदूने सूचना दिली होती.

हे वाचून मी गेल्या दिवाळीत काकूंना विचारले. तात्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. काकू नव्वदीला टेकल्या आहेत, कान चांगले आहेत. म्हटले, "काकू, तात्या झोपेत कधी हातपाय झाडायचे का हो?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शाळेत होते तेव्हापासून. एकदा माझा ओठ फुटला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, मास्तर बायकोला मारतो."

खिशात त्या प्रश्नावलीचा मी केलेला मोडकातोडका मराठी गोषवारा होता. तो काढून एकेक प्रश्न वाचू लागलो. उठताबसताना त्रास व्हायचा का, गुंड्या लावता यायच्या का. काकू मान हलवत होत्या. चारचौघांत खाणेपिणे टाळावेसे वाटते का, असा एक प्रश्न आला तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवले.

"बशीतला चहा सांडायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून लग्नामुंजीला यायचं बंद केलं होतं होय त्यांनी? आणि मी सगळ्यांना सांगत होते, आमचे हे अलीकडे माणूसघाणे झालेत."